मुंबईचे गव्हर्नर आणि गोराईचे हात

राज्यकर्त्यांच्या चरित्रांत लढाया असतात, तह असतात, दरबार असतात. पण त्यांच्या राज्यात काम करणारी माणसे कोठून आली, कोणी आणली आणि कोणत्या भरवशावर राहिली, या प्रश्नाला त्या चरित्रांत क्वचितच एखादे पान मिळते. मुंबईच्या बाबतीत तर हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण मुंबई ही काही पिकाऊ जमीन नव्हती, तीर्थक्षेत्र नव्हते, की एखाद्या जुन्या राजघराण्याची राजधानी नव्हती. ती माणसांच्या हातांवर उभी राहिली. आणि हे हात जमविणे, टिकविणे, शिकविणे ही कामे येथील गव्हर्नरांना आपापल्या काळी करावी लागली.

हा इतिहास मी गोराईच्या बाजूने पाहावयाचे ठरविले आहे. वाचकांना हे थोडे विचित्र वाटेल. गोराई म्हणजे मुंबईच्या वायव्य टोकाला, खाडीपलीकडे असलेले गाव. उत्तन, गोराई आणि मनोरी ही गावे ज्या भूभागावर आहेत त्याला जुने लोक धारावी बेट म्हणतात. सर्वांना ठाऊक असलेली दादरजवळची धारावी ती ही नव्हे. येथे कोळी आहेत, आगरी आहेत, भंडारी आहेत, आणि स्वतःला ईस्ट इंडियन म्हणविणारे, घरात मराठी बोलणारे व देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना म्हणणारे ख्रिस्ती आहेत. मासेमारी, मीठ, भात आणि ताडी हे या गावाचे चार पिढीजात उद्योग. मुंबई शहरात काय घडते आहे ते या गावाला नेहमी पाण्यापलीकडून दिसत आले. आणि पाण्यापलीकडून पाहणाऱ्याला कधी कधी घरातल्या माणसापेक्षा अधिक दिसते.

आरंभ १६६५ सालापासून करू. त्याच्या चार वर्षे आधी पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहाच्या तहात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले होते. प्रत्यक्ष ताबा मात्र १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्रे कूक याने घेतला. हा ताबा मिळावा म्हणून कूकने जानेवारीत पोर्तुगीजांशी जो करार केला, त्यातले एक कलम मला फार बोलके वाटते. पोर्तुगीज मुलखातील गावांशी बांधलेले कुणबी, भंडारी इत्यादी लोक मुंबईत आले, तर त्यांना तेथे राहू देऊ नये, ते परत करावेत, असा त्याचा आशय होता. म्हणजे दोन युरोपीय सत्तांमध्ये बेटाचा व्यवहार चालू असताना एका बाजूच्या मनात धास्ती होती ती आपली माणसे पळून जातील याची! तोफांची नव्हे, जहाजांची नव्हे. नांगर धरणाऱ्या आणि माडावर चढणाऱ्या हातांची. साष्टी तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, गोराई त्यांच्याच अमलाखाली होती, आणि गावे इनामदार फिडाल्गोंना व धर्मसंस्थांना वाटून दिलेली होती. शेत कसणारा माणूस हा शेताचाच एक भाग समजला जाई. इंग्लंडच्या दरबाराने कूकचा हा करार मान्य केला नाही. पण त्या कलमाने सांगितलेले सत्य करारापेक्षा अधिक टिकले. ज्याच्याकडे माणसे जातील, त्याचे गाव वाढेल.

हे सत्य पुरते ओळखले ते जेराल्ड ऑन्जियर याने. १६६८ मध्ये राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पुढच्याच वर्षी सुरतेचा अध्यक्ष जॉर्ज ऑक्झिंडन वारला आणि सुरतेची वखार व मुंबईचे गव्हर्नरपद ही दोन्ही ऑन्जियरकडे आली. १६७२ पासून १६७५ पर्यंत तो मुंबईत राहिला. १६७७ च्या जून महिन्यात सुरतेस त्याचा अंत झाला. कारकीर्द आठ वर्षांची. पण तेवढ्यात त्याने जे केले ते आजच्या भाषेत सांगावयाचे तर मनुष्यबळाचे धोरण होते. त्याच्या हाती आलेले बेट म्हणजे खाजणांनी तुटलेले सात तुकडे. हवा रोगट, युरोपीय माणूस येथे दोन पावसाळे काढील तर नशीब, अशी म्हणच पडली होती. अशा ठिकाणी कोणी का यावे?

ऑन्जियरने या प्रश्नाचे उत्तर पैशात शोधले नाही, कारण पैसा त्याच्याकडे नव्हता. कंपनीचे लंडनचे मालक हात आखडता घेण्यात प्रसिद्ध होते. त्याने उत्तर शोधले भरवशात. पहिला भरवसा जमिनीचा. पोर्तुगीज काळापासून जमिनी धरून बसलेल्या लोकांना आपले हक्क राहतात की जातात याची काळजी लागली होती. १६७२ मध्ये त्याने त्यांच्याशी ठराव केला: त्यांनी मिळून कंपनीला वर्षाला वीस हजार झेराफिन द्यावेत आणि कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावू नये. १६७४ मध्ये तो कायम झाला. दुसरा भरवसा न्यायाचा. १६७२ च्या ऑगस्टमध्ये त्याने मुंबईत न्यायालय सुरू केले आणि जॉर्ज विल्कॉक्स याला न्यायाधीश नेमले. तिसरा भरवसा जातीजमातींच्या अंतर्गत व्यवहाराचा. प्रत्येक समाजाने आपली पंचायत निवडावी आणि आपसांतले तंटे तिच्यापुढे तोडावेत अशी व्यवस्था त्याने केली. आणि चौथा, सर्वांत मोठा, धर्माचा. दीवचा वाणी व्यापारी नीमा पारेख याला १६७७ मध्ये जी सनद मिळाली, तीत आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची, आपल्या मृतांना आपल्या रीतीने अग्नी देण्याची मोकळीक होती. पारशांना मलबार टेकडीवर दोखमा बांधता आला तोही याच दशकात. चौलकडचे विणकर आले तेव्हा त्यांना किल्ल्यालगत वस्ती करून देण्यात आली. बेटाच्या पहाऱ्यासाठी त्याने भंडाऱ्यांचे पथक उभारले व माहीम, शिवडी, शीव येथे सुभेदार बसविले.

भंडारी! कूकच्या करारात जे परत करावयाचे होते, तेच सात-आठ वर्षांत शहराचे रखवालदार झाले. इतिहासाचा विनोद कधी कधी असा सूक्ष्म असतो. खाडीपलीकडे वसईच्या अमलात परधर्मीयांच्या सार्वजनिक पूजाअर्चेवर बंदी होती. इकडे त्याच बाबतीत लेखी अभय मिळत होते. गोराईपासून होडीने दक्षिणेकडे निघाले की वेसावे, वांद्रे ओलांडून माहीमची खाडी लागते. तेवढ्या पाण्याच्या अंतरावर दोन राज्ये नव्हती, मनुष्याविषयीच्या दोन कल्पना होत्या. एक म्हणे माणूस जमिनीला बांधावा. दुसरी म्हणे माणसाला बोलवावे. डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ च्या अखेरीस मुंबईत आला. पोर्तुगीज अमलातल्या दहा हजारांच्या जागी त्याने साठ हजारांची वस्ती नोंदविली आहे, आणि तीत बहुतेक पळून आलेले व भटके लोक असल्याचे नाक मुरडून लिहिले आहे. हा आकडा फुगविलेला असेल असे कोणी म्हणेल. पण वस्ती झपाट्याने वाढली यात शंका नाही. आणि ज्यांना तो पळपुटे म्हणतो, त्यांनाच आपण मुंबईकर म्हणतो.

ऑन्जियर हा काही साधुपुरुष नव्हता. त्याला व्यापार वाढवावयाचा होता, कापड हवे होते, जकात हवी होती. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास त्याने हेन्री ऑक्झिंडनला पाठविले तेही व्यापाराच्या सवलतींसाठी आणि राजापूरच्या लुटीच्या भरपाईसाठी. परंतु स्वार्थ दूरदृष्टीचा असला म्हणजे त्यातूनही लोकांचे कल्याण होते, हे त्याच्या उदाहरणावरून दिसते. आणि स्वार्थ आखूड दृष्टीचा झाला म्हणजे काय होते, हे त्याच्यामागून आलेल्यांनी दाखविले. कंपनीने खर्च कमी करण्यासाठी शिपायांच्या पगारालाच कात्री लावली. १६८३ च्या डिसेंबरात कॅप्टन केग्विनने बंड करून बेट ताब्यात घेतले आणि ते जवळजवळ वर्षभर स्वतःकडे ठेवले. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी चालून आला. मागोमाग रोगराई. अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मुंबईची लोकसंख्या सोळा हजारांच्या आसपास आली होती. साठ हजारांचे सोळा हजार! भरवसा द्यावयास आठ वर्षे लागतात, आणि तो मोडावयास एक पगारपत्रक पुरते.

पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. धारावीचा किल्ला, म्हणजे गोराईच्या डोक्यावरचा डोंगर, त्याच मोहिमेत मराठ्यांकडे आला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे जिंकून साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम राहिली. गोराई आता मुंबईच्या गव्हर्नरच्या अमलात आली. तोपर्यंत मुंबईचा कारभार पुन्हा सावरला होता. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा सुतार आणून गोदीचा पाया घातला गेला होता. कारागीर बाहेरून आणावा, ही ऑन्जियरची रीत अजून चालू होती.

ती रीत बदलली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने. १८१९ ते १८२७ या काळात तो गव्हर्नर होता. पेशवाई नुकतीच बुडाली होती, मोठा मुलूख हाती आला होता, आणि तो चालवावयास मोजणीदार, कारकून, शिक्षक, इंजिनियरांचे मदतनीस हवे होते. इतकी माणसे कोठून बोलावणार? तेव्हा ती येथेच घडवावी लागतील, हे त्याने जाणले. १८२३-२४ च्या त्याच्या शिक्षणविषयक टिपणात कामांची एक यादीच आहे: शाळांतील शिकविण्याची पद्धत सुधारणे व शाळा वाढविणे, पुस्तके पुरविणे, खालच्या वर्गांना शिक्षण घेण्यास उत्तेजन देणे, युरोपीय शास्त्रे शिकविण्यासाठी शाळा काढणे, देशी भाषांत शास्त्रांची व नीतीची पुस्तके छापणे, इंग्रजीच्या शाळा काढणे, आणि या ज्ञानाकडे वळणाऱ्यांना प्रोत्साहन देणे. शंभर वर्षांनी निघालेल्या कित्येक अहवालांत याहून अधिक काही नाही. त्याच सुमारास कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली इंजिनियरिंगची शाळा निघाली. त्याने गणिताची पुस्तके मराठीत केली आणि मराठी मुले भूमिती मराठीत शिकली. बाळशास्त्री जांभेकरांसारखा पुरुष याच शिक्षणसंस्थेच्या कामातून पुढे आला. मराठी माणसाच्या हातात केवळ काम न देता विद्या दिली पाहिजे हा विचार सरकारी कागदावर उमटला, तो येथे.

परंतु या कागदालाही दुसरी बाजू आहे, आणि गोराईच्या किनाऱ्यावरून तीच अधिक दिसते. खालच्या वर्गांना उत्तेजन द्यावे असे यादीत लिहिणाऱ्या एल्फिन्स्टननेच त्याच टिपणात इशारा दिला आहे की, हलक्या मानलेल्या जातींतील मुले शिकण्यात उत्तम असतात असे मिशनरी सांगत असले, तरी विद्या प्रथम त्यांच्यातच रुजली तर वरचे वर्ग तिच्यापासून दूर राहतील व ती पसरणार नाही. राजकारणी म्हणून त्याचा हिशेब चुकला असे म्हणता येणार नाही. पण हा हिशेब कोणाच्या नावे खर्ची पडला? ज्यांच्या घरी आधीच लेखणी होती त्यांच्या हातात नवी लेखणी आली. ज्यांच्या हातात वल्हे, कोयता आणि मिठाचे फावडे होते, ते तसेच राहिले. कोळ्याला वारा कळतो, भरती-ओहोटी कळते, तारे कळतात. मिठागरातल्या आगऱ्याला पाण्याचा खारटपणा जिभेवर कळतो. ही विद्या कोणत्याच यादीत आली नाही. कुशल आणि अकुशल ही जी विभागणी आपण आजही डोळे मिटून करतो, तिचा उगम मला येथे दिसतो.

एवढेच नव्हे, तर सरकारने या उद्योगांकडे पाहिले ते फक्त करासाठी. मिठावर कर होताच. रिचर्ड टेंपल गव्हर्नर असताना १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा आबकारी कायदा झाला. माडाला आणि ताडाला टाच मारावयाची तर परवाना हवा, झाडागणिक कर हवा, आणि तो करही भारी. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या धोरणाने मोठा असंतोष माजला. ज्या भंडाऱ्यांच्या हाती ऑन्जियरने शहराचा पहारा दिला होता, त्यांच्या पिढीजात धंद्याचा गळा दोनशे वर्षांनी त्याच गादीवरून आवळला गेला. माडावरून उतरलेला माणूस जातो कोठे? १८६४ मध्ये गुजरातकडून येणारी रेल्वे मुंबईत पोचली होती, कापडाच्या गिरण्यांची धुराडी वर चढत होती. मनुष्यबळ वाढविण्याचा हाही एक मार्गच म्हणावयाचा. गावातले काम महाग करावे, म्हणजे शहराला माणूस स्वस्त मिळतो!

या काळातली एक घटना लहान आहे, पण तिच्यात मनुष्यबळाचा सगळा प्रश्न सामावला आहे. साष्टी-वसईच्या ख्रिस्ती लोकांना सरकारी दप्तरात पोर्तुगीज ख्रिस्ती म्हणत. पुढे गोव्याहून आणि मंगळूरकडून ख्रिस्ती उमेदवार मुंबईत नोकरीला येऊ लागले, तेव्हा या भूमिपुत्रांना वाटले की, आपण कंपनी सरकारचे येथले सर्वांत जुने कॅथलिक प्रजाजन, आणि आपली ओळखच पुसली जात आहे. १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केले. ज्यांची घरची भाषा मराठी, लुगडे मराठी, लग्नातली गाणी मराठी, त्या समाजाला नोकरीच्या अर्जावर उठून दिसण्यासाठी एका विलायती कंपनीचे नाव अंगावर घ्यावे लागले. याला कोणी हसू नये. बाहेरून माणसे बोलावण्याचे धोरण दोन शतके चालल्यावर आधीपासूनच्या रहिवाशाला आपण येथले आहोत हे सांगावयास एक नाव शोधावे लागते, एवढाच याचा अर्थ.

तिसरा गव्हर्नर जॉर्ज लॉइड. १९१८ च्या डिसेंबरात तो आला आणि १९१९ च्या जानेवारीत गिरण्यांचा प्रचंड संप त्याच्या स्वागताला उभा राहिला. १९२० मध्ये पुन्हा संप. महायुद्धाने महागाई आकाशाला भिडली होती. लॉइडने ओळखले की माणूस बोलावून आणि शिकवून भागत नाही; त्याला घर लागते, आणि सरकारला त्याची माहिती लागते. १९२० मध्ये त्याने विकास खाते काढले. त्याच वर्षी मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत ठरला. प्रत्यक्षात नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. त्या बी. डी. डी. चाळी. भाडे, अंतर आणि त्या कोंदट सिमेंटच्या खोल्या यांमुळे वरळीच्या कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आणि सत्याग्रहाच्या काळात सरकारने तेथे तुरुंग केले! पुढे त्याच चाळींनी मराठी कामगारांच्या तीन पिढ्या वाढविल्या, हे खरे. पण ते श्रेय खोल्यांपेक्षा माणसांचे अधिक आहे.

लॉइडच्या बॅक बे भरावासाठी खडक कोठून आला? कांदिवलीच्या टेकडीतून. गोराईच्या समोर, खाडीच्या पलीकडे ही टेकडी फोडली जात होती आणि आगगाड्या भरभरून दक्षिणेकडे जात होत्या. १,१४५ एकर समुद्र बुजविण्याची ही योजना गाळात रुतली, वीर नरीमन यांनी तिचे वाभाडे काढले आणि हार्वेचा अब्रूनुकसानीचा खटला जिंकला, ही कथा प्रसिद्ध आहे. मला त्यापेक्षा मोलाचे वाटते ते १९२१ मध्ये सुरू झालेले लेबर ऑफिस. त्याचा प्रमुख फिंडले शिरास याने गिरणगावातील २,४७३ कुटुंबांचा जमाखर्च तपासून १९२३ मध्ये अहवाल छापला. त्यात दिसले की शंभरांतील सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहतात. आणि कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामावरच्या मापाइतके असले, तरी तुरुंगातल्या कैद्याला नेमून दिलेल्या शिध्यापेक्षा कमी आहे! सरकारच्याच छापखान्यातून सरकारविरुद्धचा सर्वांत कठोर साक्षीदार बाहेर पडला. मनुष्यबळ बळकट करावयाचे असेल तर आधी ते मोजले पाहिजे, आणि मोजताना पोट वगळून चालत नाही, हा धडा लॉइडच्या भरावापेक्षा खात्रीने अधिक भक्कम ठरला.

आता गव्हर्नर गेले आणि राज्यपाल आले. राज्यपालांच्या हाती पूर्वीची सत्ता नाही, आणि ते योग्यच आहे. धोरण लोकांनी निवडलेल्या मंत्रिमंडळाने ठरवावे. तरीही महाराष्ट्राच्या राज्यपालांवर घटनेने एक खास जबाबदारी टाकता येईल अशी तरतूद केली आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले ३७१ वे कलम वाचकांनी एकदा मुद्दाम वाचावे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे, विकासखर्चाची समन्यायी वाटणी, आणि तंत्रशिक्षण, व्यवसायशिक्षण व सरकारी नोकरीच्या पुरेशा संधी यांची समन्यायी व्यवस्था, असे तीन विषय आहेत. ऑन्जियर, एल्फिन्स्टन आणि लॉइड यांच्या मनात जे तुकड्यातुकड्यांनी आले, ते येथे एका शब्दाने जोडले गेले: समन्यायी. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रदेशांचा अनुशेष मोजला. १९९४ मध्ये, पी. सी. अलेक्झांडर राज्यपाल असताना, विकास मंडळे स्थापन झाली. त्यांची मुदत २०२० च्या एप्रिलात संपली.

अनुशेष जिल्ह्यागणिक मोजतात. गोराई १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आली. म्हणजे हिशेबाच्या वहीत ती देशातील सर्वांत श्रीमंत महानगराचा भाग झाली. सरासरीच्या आकड्यात बोरिवलीच्या उंच इमारतींची सावली तिच्यावर पडते, आणि त्या सावलीत गावाचे प्रश्न दिसेनासे होतात. बोरिवलीकडे जावयास आजही मुख्य आधार होडीचा. नाहीतर भाईंदरवरून वळसा. १९८९ मध्ये येथे एस्सेलवर्ल्डचे पाळणे फिरू लागले, २०२२ मध्ये ते थांबले. शहराने गावाकडे कधी मीठ मागितले, कधी मासळी, कधी ताडी, कधी करमणूक. गावाच्या हातांना काय येते, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

असो. तीन गव्हर्नरांनी तीन धडे दिले. पहिल्याने भरवसा दिला, दुसऱ्याने विद्या दिली, तिसऱ्याने घर बांधले आणि माणूस मोजला. यांपैकी कोणीही एकाच वेळी ही चारही कामे केली नाहीत, आणि ज्याने जे सोडले त्याची किंमत पाण्यापलीकडच्या गावांनी दिली. माझ्या मते या चौघांत क्रम पहिल्याचाच. भरवसा नसेल तर शिकलेला माणूस निघून जातो आणि बांधलेली खोली रिकामी राहते. आजच्या राज्यकर्त्यांपुढे कौशल्याच्या मोठमोठ्या योजना आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे की, नवे कौशल्य शिकविण्याआधी जुन्या कौशल्याला विचारावे. जाळे विणणाऱ्या हाताला, मिठाचा वाफा बांधणाऱ्या हाताला, होडीचे फळे सांधणाऱ्या हाताला आपल्या कामाबद्दल काय अभय हवे आहे, ते ऐकून घ्यावे. दीवच्या वाण्याला आणि चौलच्या विणकराला जे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका व्यापारी कंपनीने दिले, ते गोराईच्या कोळ्याला लोकांच्या राज्यात मिळावे, ही काही फार मोठी मागणी नव्हे.